क्योटोंतील उघडें दार

भाऊबीज आटोपली, फराळाचे डबे तळास लागले, आणि कॉलेज पुनः सुरू होण्यास अजून आठ-दहा दिवसांचा अवकाश राहिला, अशा वेळीं आम्ही उभयतां क्योटोस जाऊन आलों. ही गोष्ट २०२३ सालची. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव संशोधनासाठीं तेथें राहत होते. "काका, मेपलचीं पानें लाल होण्याचा हंगाम आहे, काकूला घेऊन याच," असा त्यांचा आग्रह दोन वर्षें चालला होता. घरांत सर्वांस वाटलें, स्वारी पानें पाहावयास निघाली. सौभाग्यवतींनाहि तसेंच वाटलें. आमच्या मनांत मात्र आणखी एक हेतु होता, आणि विमान सुटेपर्यंत तो आम्ही कोणापाशीं बोललों नव्हतों.

गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही कॉलेजांत गणित शिकवीत आहों. या अठ्ठावीस वर्षांत आमच्या राजीखुषीनें एकहि सहाध्यापक आमच्या वर्गांत येऊन बसला नाहीं, आणि आम्हींहि कोणाच्या वर्गांत पाऊल टाकलें नाहीं. भिंतीपलीकडे इतिहासाचे प्राध्यापक वीस वर्षें शिकवीत आहेत. त्यांचा खोकला आम्ही ओळखतों, चहांत ते साखर किती घेतात हें जाणतों. परंतु ते पानिपत कसें शिकवितात हें विचाराल तर आम्हांस सांगतां येणार नाहीं. वाचकहो, ही गोष्ट विचित्र नव्हे काय? आमच्याकडे कीर्तनकार दुसऱ्याच्या कीर्तनाला जाऊन समोर बसतो. गवई दुसऱ्याच्या मैफलीला जातो, दाद देतो आणि एखादी जागा मनांत ठेवून घरीं येतो. वैदिक मंडळी तर एकत्र बसूनच म्हणतात. एकाचा स्वर चुकला कीं दहा माना वर होतात. कॉलेजांतला मास्तर तेवढा आंत शिरला कीं दार लोटून घेतो. आणि चिरंजीवांनीं सहज बोलतां बोलतां कळविलें होतें कीं, इकडच्या एका कॉलेजांत नोव्हेंबरांत पंधरा दिवस प्राध्यापक एकमेकांच्या वर्गांत जाऊन बसतात, आणि विचारलें तर पाहुण्यासहि येऊं देतात.

मुंबईहून निघून, वाटेंत एक विमान बदलून, आम्ही ओसाकाच्या विमानतळावर उतरलों. समुद्रांत भर घालून केलेल्या बेटावर हा विमानतळ आहे. उतरतांना खिडकींतून चोहोंकडे पाणीच पाणी दिसतें आणि चाकें जमिनीस लागेपर्यंत जिवांत जीव येत नाहीं. तेथून आगगाडीनें सव्वा तासांत क्योटो. गांव तिन्ही बाजूंनीं डोंगरांनीं वेढलेलें, रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे उभे-आडवे आंखलेले. ७९४ सालापासून हजारावर वर्षें ही सम्राटांची राजधानी होती. राजधानी गेली पण रीतभात राहिली, असें या गांवाविषयीं म्हणतां येईल. बसमध्यें मागल्या दारानें चढावें, पुढल्या दारानें उतरावें, आणि उतरतांना चालकाशेजारच्या पेटींत भाडें (२०२३ सालीं २३० येन) टाकावें, हा साधा नियम. पण काठी टेकीत आलेली आजीबाईसुद्धां नाणीं आधींच मोजून मुठींत धरून ठेवते, मागच्याचा खोळंबा होऊं देत नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं पहिल्याच दिवशीं पर्स धुंडाळण्यांत साऱ्या बसचा खोळंबा केला. कोणी चकार शब्द काढला नाहीं. त्यामुळें त्या अधिकच ओशाळल्या.

गांवाच्या उत्तरेस कामो नदीला ताकानो येऊन मिळते. संगमाच्या पाण्यांत पैलतीरीं जाण्यासाठीं दगड मांडले आहेत, त्यांतील कांहीं कासवाच्या आकाराचे. पोरें त्यांवरून उड्या मारीत जातात. सौभाग्यवतींनीं पदर खोंचला आणि दोन कासवें ओलांडून तिसऱ्यावर त्या थांबल्या; पुढेंहि जाववेना, मागेंहि येववेना. शेवटीं एका शाळकरी मुलीनें हात दिला. मेपलचीं पानें तेव्हां अर्धींच लाल झालीं होतीं, गिंको वृक्ष मात्र हळदीसारखे पिंवळे दिसत होते. निसर्गवर्णन येथेंच पुरे करतों. तें आमच्याहून चांगलें करणारे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं आम्हांस एका जुन्या शाळेंत नेलें. पूर्वी ही काइची प्राथमिक शाळा होती. १९९८ पासून तेथें गांवच्या शाळांच्या इतिहासाचें संग्रहालय आहे. तेथें जी हकीगत कळली ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८६९ सालीं सम्राटांचा मुक्काम टोकियोस हलला. दरबार गेला, दरबारावर पोट असणारीं गिऱ्हाइकें गेलीं, आणि आतां गांव ओस पडणार या धास्तीनें सारे गांगरले. अशा वेळीं येथील पेठापेठांतील लोकांनीं काय करावें? त्यांनीं शाळा काढल्या. त्याच एका वर्षांत ६४ शाळा उभ्या राहिल्या. सबंध जपान देशासाठीं शिक्षणाचा कायदा झाला तो त्यानंतर तीन वर्षांनीं, १८७२ सालीं. या शाळांसाठीं घरोघरून वर्गणी घेत, मग त्या घरांत शाळेंत जाण्याजोगें मूल असो वा नसो. त्या वर्गणीचें नांव 'कामादो-किन्'. कामादो म्हणजे चूल. चुलीमागें वर्गणी! हें ऐकून सौभाग्यवती एकदम खुलल्या. आमच्याकडेहि घर मोजावयाचें तें चुलीवरूनच; भाऊ वेगळे झाले असें न म्हणतां चुली वेगळ्या झाल्या असेंच आपण म्हणतों. कित्येक शाळांवर आगीची टेहळणी करण्याचा मनोरा असे, आणि पेठेच्या सभाहि शाळेंतच भरत. ज्या इमारतींत सारी पेठ येऊन-जाऊन आहे, तिच्या वर्गांत एखाद्यानें डोकावलें तर मास्तरास त्यांत अपमान कसला वाटावा, असें आमच्या मनांत आलें.

जपानी शिक्षणाचा धागा पूर्वींहि एकदां आमच्या प्रांतापर्यंत येऊन पोंचला होता. टोकियोस १९०१ सालीं निघालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षि कर्वे यांच्या हातीं पडली, तिनें त्यांच्या मनांत घर केलें, आणि १९१६ सालीं आपल्याकडे महिला विद्यापीठ निघालें. ती पुस्तिका आली. दार उघडें ठेवण्याची रीत मात्र तिच्याबरोबर आली नाहीं.

ही रीत मूळची प्राथमिक शाळांतील. तिला तिकडे 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. पाठाचा अभ्यास, असा अर्थ. तिचें मूळ मेइजी काळांतील नॉर्मल स्कुलांपर्यंत जातें. चार-सहा शिक्षक मिळून एक पाठ बसवितात. एक जण तो मुलांस शिकवितो. बाकीचे भिंतीशीं उभे राहून पाहतात. आणि मुलें घरीं गेल्यावर सारे एकत्र बसून बोलतात. १९९९ सालीं स्टिग्लर व हीबर्ट या दोघां अमेरिकन संशोधकांनीं आपल्या पुस्तकांत या चालीचें वर्णन केलें, तेव्हां पश्चिमेकडे तिचा मोठा गाजावाजा झाला. परंतु कॉलेजाची गोष्ट निराळी. शाळामास्तरास शिकविण्याचें शिक्षण घ्यावें लागतें. प्राध्यापकास विषय आला कीं पुरे, हातांत खडू कसा धरावा हें त्याला कोणी शिकवीत नाहीं. जपानांतहि पुष्कळ काळ असेंच होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं क्योटो विद्यापीठाच्या आवारांत गेलों. हें विद्यापीठ १८९७ सालचें. समोर १९२५ सालीं बांधलेला घड्याळाचा मनोरा, आणि मनोऱ्यापुढें एक घेरदार कापराचें झाड. झाडाभोंवतालच्या ओट्यावर विद्यार्थी डबे खात बसतात, आम्हीहि बसलों. येथेंच १९९६ सालीं एका वर्गाचें दार मुद्दाम उघडण्यांत आलें. शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक तानाका त्सुनेमी यांनीं आपला नेहमींचा वर्ग, आठवड्यामागून आठवडे, विद्यापीठांतल्या व बाहेरच्या अध्यापकांस खुला केला. एका दिवसाचा समारंभ नव्हे, कीं पाहुणे यावयाचे म्हणून रंगीत तालीम करून बसविलेला पाठ नव्हे. वर्ग संपला कीं पाहणारे व शिकविणारे लागलीच एकत्र बसत आणि त्याच तासाची चर्चा करीत. विद्यार्थ्यांपाशीं एक वही असे, 'नांदेमो-चो' नांवाची. तिचा अर्थ 'कांहींहि लिहा' वही. वर्गांत जें मनांत आलें, शंका, कंटाळा, विरोध, तें तिच्यांत लिहावें. पुढें २००८ पासून जपानांतील सर्व विद्यापीठांवर अध्यापन सुधारण्यासाठीं कांहीं ना कांहीं प्रयत्न करण्याचें कायद्यानेंच बंधन आलें, आणि वर्ग एकमेकांस खुले करण्याची चाल ठिकठिकाणीं पसरली. कायदा आला कीं फॉर्म आले, फॉर्म आले कीं ते भरण्यापुरतें पाहणें आलें. याला जपान तरी अपवाद कसा असेल? चिरंजीवांनीं तसें कबूलहि केलें. पण ज्यांनीं कायद्याच्या आधीं बारा वर्षें आपण होऊन दार उघडलें, त्यांच्याविषयीं आम्हांस फार कौतुक वाटलें.

कौतुकाबरोबर एक जुनें शल्यहि वर आलें. आमच्या वडिलांच्या पिढीला शाळेंत 'डेप्युटी' येणार म्हटलें कीं कापरें भरे: भिंती सारवल्या जात, हुशार मुलें पुढें बसविलीं जात, आणि मास्तर घाम पुशीत उभे राहत. आम्ही स्वतः नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं, एका दुसऱ्या कॉलेजांत, फळ्यावर गणित मांडीत असतां दार उघडलें. एक वरिष्ठ गृहस्थ न विचारतां आंत आले, शेवटच्या बाकावर बसले आणि वहींत लिहूं लागले. त्या दिवशीं आमच्या हातून चिन्ह चुकलें, अधिकाचें उणें झालें. एका विद्यार्थ्यानें तें दाखविलें, मुलें हंसलीं, आणि गृहस्थ उठून चालते झाले. आमच्याशीं एक अक्षर बोलले नाहींत. वर्षअखेर आम्हांस कायम करण्याचें लांबणीवर पडलें. कारण विचारलें तर उत्तर मिळालें, 'अहवाल'. त्या अहवालांत काय लिहिलें होतें हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. तेव्हांपासून वर्गांत शिरतांच आम्ही दार लावून घेतों. विद्यार्थी समजतात, बाहेरचा गोंगाट नको म्हणून. ही गोष्ट कापराच्या झाडाखालीं आम्हीं सौभाग्यवतींस प्रथमच सांगितली. लग्नाला सव्वीस वर्षें झालीं होतीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत, फक्त डब्यांतली शेवटची चकली आमच्या हातावर ठेवली.

त्याच दिवशीं दुपारीं आम्हांस वर्ग पाहावयाचा होता. कॉलेजाचें नांव देत नाहीं, कारण पाहुण्यानें घरांतल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडूं नयेत. लहानसें खाजगी कॉलेज, अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा गणिताचा वर्ग, चाळीसेक विद्यार्थी. ज्या वर्गांत येण्यास मुभा होती त्यांच्या दारावर एक पिंवळा कागद डकविलेला असे, तसा येथें होता. शिकविणाऱ्या बाई चाळिशीच्या आंतबाहेरच्या. त्यांच्याखेरीज कॉलेजांतील पांच जण पाहावयास आले होते: एक अर्थशास्त्राचे, एक इंग्रजीचे, दोघे गणिताचे, आणि एक तरुण गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे. ते बाजूच्या भिंतींशीं वेगवेगळ्या ठिकाणीं बसले. आम्ही व दुभाष्याचें काम करणारे चिरंजीव अगदीं मागें.

भाषा कळत नव्हती, पण आंकडे सर्वत्र सारखे. बाईंनीं प्रथम एक कागद घेऊन अर्धा दुमडला, मग त्याचा अर्धा, मग त्याचाहि अर्धा, आणि फळ्यावर लिहिलें: १/२ + १/४ + १/८ … ही बेरीज कितीहि लांबविली तरी एकाच्या पुढें जात नाहीं हें मुलांनीं चट्‌दिशीं सांगितलें. मग त्यांनीं दुसरी बेरीज मांडली: १ + १/२ + १/३ + १/४ … आणि विचारलें, "ही कोठें थांबेल काय?" विचार करण्यास पांच मिनिटें दिलीं. बहुतेक हात वर झाले: थांबेल. बाई किंचित् हंसल्या. सर्व गणितशिक्षक या ठिकाणीं असेच हंसतात, आम्हीहि हंसतों. कारण ही बेरीज थांबत नाहीं. १/३ व १/४ मिळून अर्ध्याहून अधिक होतात. पुढचीं चार पदें मिळून पुनः अर्ध्याहून अधिक. पुढचीं आठ मिळून पुनः तसेंच. अर्धा-अर्धा मिळवीत गेलें तर कोणतीहि संख्या ओलांडतां येते, मात्र चाल गोगलगाईची: दहाचा आंकडा ओलांडण्यास १२,३६७ पदें घ्यावीं लागतात. चौदाव्या शतकांत ओरेम् नांवाच्या फ्रेंच पंडितानें दिलेली ही सिद्धता इतकी सुंदर आहे कीं ती शिकवितांना दर वर्षीं आमच्या अंगावर रोमांच उभे राहतात. बाईंनीं ती फार सुरेख मांडली. फळ्यावरचें अक्षर मोत्यासारखें. (जाता जातां सांगतों, जपानी खडूची कीर्ति आम्ही गणितवाल्यांत फार. 'हागोरोमो' नांवाचा नागोयाचा खडू २०१५ सालीं त्या कारखान्यानें बंद केला, तेव्हां परदेशच्या गणितज्ञांनीं म्हणे पेट्याच्या पेट्या सांठवून ठेवल्या. पुढें एका कोरियन कंपनीनें तो करावयास घेतला.) आम्ही त्या तासांत इतके रंगून गेलों कीं घंटा झाली तेव्हां चुटपुट लागली.

नंतर एका लहानशा खोलींत चहा आला आणि सारे गोल बसले. ज्यानें शिकविलें त्यानें आधीं बोलावें, अशी पद्धत. बाई म्हणाल्या, "प्रश्नाला बहुतेकांनीं हात वर केले, तेव्हां मला वाटलें प्रश्न चांगला पोंचला. परंतु सिद्धतेसाठीं पंधराच मिनिटें उरलीं, मी घाई केली." मग पाहुणे म्हणून पहिला मान आम्हांस. आम्हीं हस्ताक्षराची स्तुति केली, कागद दुमडण्याची युक्ति वाखाणली, आणि सिद्धतेची मांडणी उत्तम झाली असें सांगितलें. चिरंजीवांनीं भाषांतर केलें. सर्वांनीं अदबीनें माना लवविल्या. बाईंनीं आभार मानले; वहींत मात्र कांहीं लिहिलें नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें.

मग वनस्पतिशास्त्राचे ते तरुण गृहस्थ बोलूं लागले. आरंभींच त्यांनीं सांगितलें कीं, गणित मला फारसें येत नाहीं, म्हणून मी फळ्याकडे कमीच पाहिलें. "खिडकीकडच्या चौथ्या ओळींत निळा स्वेटर घातलेली विद्यार्थिनी होती. आपण प्रश्न विचारल्यावर तिनें खरोखरच बेरीज करावयास घेतली. एक, दीड, १.८३, २.०८, असे आंकडे एकाखालीं एक लिहीत ती दहाव्या पदापर्यंत गेली. बेरीज आली २.९३. तेव्हां ती थांबली, समासांत ३ लिहून त्याभोंवतीं तिनें वर्तुळ काढलें, आणि हात वर केला. पुढें आपण सिद्धता सांगितली ती तिनें शब्दन् शब्द उतरून घेतली. पण समासांतला ३ तिनें खोडला नाहीं. तास संपेपर्यंत तो तसाच होता. मी घरीं जाऊन अकरावें पद मिळवून पाहणार होतों, पण राहवलें नाहीं, आतांच पाहिलें. ३.०२ येतें. एकच पद आणखी घेतलें असतें तर तिला आपोआप कळलें असतें."

खोलींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. बाईंनीं वही ओढली आणि पुष्कळ लिहिलें. मग म्हणाल्या, "हात वर झाला कीं मी समजलें, तिनें अंदाज केला. तिनें तर काम केलें होतें. मीं 'कां थांबेल?' असें तिला विचारावयास हवें होतें." इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, "माझ्याकडच्या ओळींत तिघांनीं शेजाऱ्याचा हात वर झालेला पाहून आपला हात वर केला." असे ते एकेक सांगत गेले. कोणींहि 'चांगलें झालें' किंवा 'असें करावयास नको होतें' असें म्हटलें नाहीं. अमुक ओळींतील अमुक मुलानें अमुक केलें, एवढेंच. बोलणें संपल्यावर ज्यानें-त्यानें आपापलीं टिपणें बाईंना देऊन टाकलीं. अहवाल नाहीं, फाईल नाहीं.

ती निळ्या स्वेटरची मुलगी आमच्यापुढें अवघ्या दोन बाकांवर बसली होती. तिची वही आम्हांस दिसत होती. आम्हीं ती पाहिली नाहीं. आम्ही फळा पाहत होतों. ज्याला गणित येत नाहीं त्या गृहस्थाला गणिताच्या वर्गांतली मुख्य गोष्ट दिसली, आणि अठ्ठावीस वर्षें तीच सिद्धता शिकविणारास दिसली नाहीं. आमच्या किती विद्यार्थ्यांच्या वह्यांत एका बाजूला ती सुंदर सिद्धता आणि समासांत वर्तुळांतला ३ असे शेजारी शेजारी राहिले असतील, हा विचार मनांतून जाईना.

सायंकाळीं आम्ही तत्त्वज्ञाच्या वाटेनें फिरावयास गेलों. निशिदा कितारो नांवाचे थोर तत्त्वज्ञ येथील विद्यापीठांत अध्यापक होते. ते या कालव्याच्या कांठानें विचार करीत हिंडत, म्हणून वाटेला हें नांव. पाण्यावर पानें तरंगत होतीं. सौभाग्यवतींस सर्व हकीगत सांगितली. त्यांना तिचें कांहींच नवल वाटलें नाहीं. त्या म्हणाल्या, "सासूबाई नव्हत्या का अशाच? मी नवी होतें तेव्हां पुरणपोळी लाटतांना त्या माझ्या हाताकडे कधीं पाहत नसत. बाहेर पंगतींत जाऊन बसत आणि कोणाच्या पानांत काय उरलें तें पाहत. मग आंत येऊन एवढेंच म्हणत, 'भाऊजींनीं कड टाकली हो.' त्यावरून मला कळे, कांठापर्यंत पुरण जात नाहीं." आमच्या मातुःश्रींचें हें वर्म आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्ही त्या पंगतींत बसून पोळ्या खात होतों.

दुसऱ्या दिवशीं परवानगी घेऊन आम्ही आणखी एका वर्गांत बसलों. इतिहासाचा तास होता. भाषाहि कळेना आणि आंकडेहि नव्हते. बरें झालें. विद्यार्थ्यांकडे पाहण्यावांचून दुसरा उद्योगच उरला नाहीं. कोण केव्हां लेखणी खालीं ठेवतो, कोणाची नजर केव्हां खिडकीबाहेर जाते, प्राध्यापक फळ्याकडे वळले कीं मागल्या दोन ओळींत काय चालतें, हें सारें वेळेसह टिपून घेतलें. अकरा वाजून वीस मिनिटांनीं एकदम नऊ जणांनीं मान वर केली. तेव्हां प्राध्यापकांनीं काय सांगितलें होतें तें चिरंजीवांस विचारलें. ते म्हणाले, "कांहीं नाहीं, दुष्काळांत तांदूळ किती महाग झाला तें सांगत होते." हें आम्हीं बैठकींत सांगितलें, आणि या वेळीं प्राध्यापकांनीं तें लिहून घेतलें.

परत आल्यावर आठ दिवस आम्हीं कांहींच केलें नाहीं. धीर होईना. मग एके दिवशीं स्टाफरूमींत संस्कृतच्या बाईंना विचारलें. त्या वयानें आमच्याहून वडील, निवृत्तीला दोन वर्षें उरलेलीं, आणि परखड बोलण्याविषयीं प्रसिद्ध. म्हणालों, "गुरुवारीं माझ्या दुसऱ्या तासाला येऊन बसाल का? गणिताकडे पाहूं नका. मुलांकडे पाहा." त्यांनीं चष्म्यावरून आमच्याकडे बराच वेळ पाहिलें. "कोणीं करावयास सांगितलें आहे हें?" "कोणींच नाहीं." "कोठें लिहून द्यावयाचें आहे?" "कोठेंच नाहीं, मला सांगावयाचें." "मग येतें. पण शुक्रवारीं तुम्हीं माझ्याकडे बसलें पाहिजे."

गुरुवारीं त्या आल्या. आमच्या तळहाताला घाम सुटला होता. खडू दोनदां हातांतून निसटला. तास झाल्यावर व्हरांड्यांतच त्यांनीं आपलें टिपण वाचून दाखविलें. "तुम्हीं अकरा वेळां 'समजलं ना?' असें विचारलें. अकराहि वेळां कोणी तोंड उघडण्यापूर्वीं 'हं' असें तुम्हींच म्हटलें. तुम्ही फळ्याच्या डाव्या भागावर लिहितांना अंगानें तो झांकतां. त्या बाजूला सात मुली बसतात, त्या तुम्ही बाजूला होईपर्यंत थांबतात आणि मग एकमेकींचें पाहून उतरून घेतात. शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा तुम्ही सांगण्याच्या आधींच उत्तर लिहून बसलेला असतो; त्याला कोणी कधीं विचारीत नाहीं असें दिसतें." एवढें बोलून त्यांनीं तो कागद घडी करून आमच्या हातीं दिला. घरीं येऊन आम्हीं तो सौभाग्यवतींस दाखविला. त्यांनीं वाचला आणि म्हणाल्या, "अकरा वेळां? मला वाटलें, घरींच म्हणतां."

त्या मुलाचें नांव आम्हांस हजेरीपटांत शोधावें लागलें.

शुक्रवारीं आम्ही संस्कृतच्या वर्गांत शेवटच्या बाकावर जाऊन बसलों. बाकाचा एक पाय आंखूड होता. हाताचा भार दिला कीं तो डुले. बाईंनीं दार लावलें नाहीं, तें तसेंच उघडें ठेवून शिकविण्यास आरंभ केला. आमच्यापाशीं पुस्तक नव्हतें. शेजारच्या मुलानें एकदां आमच्याकडे, एकदां बाईंकडे पाहिलें, आणि आपलें पुस्तक हळूच दोघांच्या मध्यें सरकविलें.